मागच्या दारची बाग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला, 'बागकाम आणि मनाची शांती'. विषय पुकारला तेव्हा पहिल्या रांगेतले दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलंय. हसणं बरोबरच आहे. समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक शेतकरी आहेत. आज इथं यायच्या आधी मोटार चालू करून, दारं धरून आलेलेही असतील. अशा लोकांपुढं कासुर्डीत उभं राहून बागकाम सांगायचं म्हणजे यवतकरांना पिठलं-भाकरी शिकवण्यासारखं आहे. तुकोबांच्या पालखीला शेकडो किलो पिठलं करून घालणारी ती माणसं, त्यांना आपण काय शिकवणार!

म्हणून आधी एक फरक सांगतो. शेत वेगळं आणि बाग वेगळी. शेताला हिशेब असतो. उसाचं बेणं, खतं, बांधणी, तोडीची वाट बघणं, कारखान्याचं बिल, मार्चअखेर सोसायटी. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन लांबलं की घरात कुणाला नीट झोप नाही. कांदा काढायला आला की भाव बसतो. अशा शेतात येऊन कुणी म्हणालं की मातीत हात घातला की मन कसं शांत होतं, तर आपण त्याला बांधावरूनच परत पाठवू, आणि ते योग्यच होईल. मी आज बोलतोय ते ज्या तुकड्यावर कर्ज नाही, ज्याच्या पिकाला भाव नाही, आणि जो वाळून गेला तरी पोरीचं लग्न अडत नाही, त्या तुकड्याबद्दल.

असा तुकडा आपल्या प्रत्येकाच्या घरी होता. त्याला कुणी बाग म्हणत नव्हतं एवढंच. न्हाणीचं पाणी भिंतीच्या भोकातून मागच्या दारी पडायचं. पडायचं तिथंच अळू. पुढं कर्दळ. त्याच्या पुढं केळीचं बेट, आणि पाणी उरलंच तर शेवग्याला किंवा लिंबाला. सगळं सांडपाणी झाडंच पिऊन टाकायची, त्यामुळं गटारीची योजना नसली तरी परसात चिखल दिसायचा नाही. कुडावर घोसाळी, छपरावर भोपळा, कोपऱ्यात कढीपत्ता, पुढच्या दारी तुळस आणि गुलबक्षी. आळूची पानं कापायची ती कडेची कापायची, मधलं पान ठेवायचं, हे आपल्याला कुणी वर्गात शिकवलं नाही. आईनं पाठीत एक धपाटा घालून शिकवलं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. सातबाऱ्यावर नाव बापाचं, आजोबाचं, चुलत्याचं. परसबाग मात्र बाईची. ती कुठल्याच उताऱ्यावर नव्हती, पण तिथं काय लावायचं हे पुरुषाला कुणी विचारत नसे. दिवसभर दुसऱ्याच्या किंवा घरच्या शेतात खुरपून आलेली बाई संध्याकाळी पुन्हा परसात खुरपं घेऊन का बसते, याचं मला लहानपणी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही.

मग आपली घरं स्लॅबची झाली. चांगलंच झालं, पावसात ताटं-पातेली मांडत बसायचं संपलं. शोषखड्डा आला. मागच्या दारी पाऊल घसरू नये म्हणून कोबा केला, नंतर पेव्हर ब्लॉक. आणि आता अळूची जुडी आपण यवतच्या बाजारातून पैसे देऊन आणतो. उरुळीला, सोरतापवाडीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना एवढ्या रोपवाटिका आहेत की पुण्या-मुंबईच्या बंगल्यांची हिरवळ तिथून जाते. आणि आपल्या अंगणात डब्यातली एक तुळस.

माझ्या घरीही तसंच होतं. मी हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मागं सगळे ब्लॉकच होते. ते उचलायचं कारण माझी आई.

माझ्या आईला तुमच्यातले बरेच जण ओळखता. मधल्या सुट्टीत पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन घोसाळ्याची भजी खाऊन गेलेले निदान पाच जण मला इथं दिसताहेत. ती आता 83 वर्षांची आहे. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितलाय, डिमेन्शिया. नातवंडांची नावं गेली, मग सुनेचं गेलं, माझंही गेलं. दिवसा तशी बरी असते. पण दिवस कलायला लागला की बेचैन होते. लुगड्याचा पदर खोचते, पिशवी घेते आणि म्हणते, 'मला घरी सोडा, दिवस मावळला.' ज्या घरात साठ वर्षं राहिली त्या घरातून तिला घरी जायचं असतं. तिचं माहेर भीमेपलीकडं, शिरूर तालुक्यात. तिथं आता तिचं म्हणावं असं कुणी नाही. हे घरातल्या माणसांना किती जड जातं, ते ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगायला नको. समजूत घालून उपयोग नसतो. 'अगं, हेच तुझं घर' म्हटलं की ती आणखी घाबरते, कारण तिला वाटतं आपल्याला कुणीतरी फसवतंय.

एके दिवशी माझ्या बायकोनं तिला मागच्या दारी नेलं आणि ब्लॉकच्या फटीत उगवलेलं घोळीचं रोप दाखवलं. आई खाली बसली, आणि नखानं माती सैल करून ते मुळासकट उपसलं. मग पुढचं. अर्धा तास पिशवीचं नाव काढलं नाही. तिनं ती घोळ ओटीत घेतली आणि सुनेला म्हणाली, 'डाळ घालून कर.'

दुसऱ्या दिवशी मी भिंतीलगतचे ब्लॉक उचलायला लागलो. सगळे नाहीत. तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद एवढाच पट्टा. खाली निव्वळ मुरूम. शेतातली काळी आणली, शेणखत घातलं, वरून उसाचं पाचट पसरलं. गडबड नव्हतीच. खडे वेचायचं काम आईनं केलं. किती दिवस केलं ते मोजलं नाही, कारण वेचलेले खडे ती कधी कधी दुसऱ्या दिवशी परत वाफ्यात नेऊन ठेवायची आणि पुन्हा वेचायची. सुरुवातीला मला ते बघवेना. मग विचार केला, हिला कुठं गाठायचंय? मला तरी कुठं गाठायचंय?

मंडळी, आज मला 'शांती' म्हणून जे काही सांगायचंय ते एवढंच आहे. बाकी सगळा तपशील. पण तपशील सांगतो, कारण तुमच्यातल्या काहींना तो उपयोगी पडेल.

आमची बाग चार-साडेचारला सुरू होते. गुलबक्षी उमलायची ती वेळ. आई खुर्चीवर बसून फुलं मोजते. सात-आठपर्यंत जाते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. मग पाणी. नळी मी तिथं आणतच नाही. आपण शेतकरी लोक, आपल्याला पाणी घालणं म्हणजे पाट सोडणं वाटतं. कुंडीतलं, वाफ्यातलं झाड उन्हानं मरतं त्यापेक्षा जास्त वेळा पाण्यानं मरतं. माती वरून सुकलेली दिसली तरी बोट दोन पेरं आत घालून बघावं. आत ओल लागली तर पाणी उद्या. आईला मात्र हे सांगून भागत नाही, कारण पाणी घातलेलं ती विसरते आणि परत घालते. म्हणून तिचा तांब्या लहान ठेवलाय, अर्ध्या लिटरचा. चार वेळा घातलं तरी अळूचं काही बिघडत नाही, उलट ते खूश. मोगऱ्याला मात्र मी आडवा बसतो.

काम बसून करायचं, वाकून नाही. वाकलं की उठायची घाई होते. एका वेळी एकच वाफा, आणि मोबाईल घरात. मी ध्यानाच्या शिबिराला एकदा कंपनीतर्फे गेलो होतो. श्वासावर लक्ष ठेवा म्हणाले. माझं लक्ष प्रॉव्हिडंट फंडावर जायचं. खुरप्यावर लक्ष ठेवायला मात्र कष्ट पडत नाहीत, कारण ठेवलं नाही तर बोट कापतं. तण काढताना हरळी वेगळी, घोळ वेगळी, तांदुळजा वेगळा. घोळ आणि तांदुळजा चुलीवर जातो. लव्हाळा मी उपटतो पण त्याच्याशी वैर धरत नाही. त्याच्या गाठी खाली एकीला एक लागून असतात, वरचं काढलं तरी आठ दिवसांत हजर. शेतात लव्हाळा म्हणजे डोकेदुखी. इथं तो आला की मला पुन्हा बसायला निमित्त मिळतं.

औषध फवारत नाही. हे काही तत्त्व म्हणून नाही, आई पानं तोडून तोंडात घालते म्हणून. त्यामुळं पानांना भोकं आहेत. लिंबावर अळी येते, आधी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी-पांढरी. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. आधी मी बायकोला म्हणालो काढून टाकू. ती म्हणाली, राहू द्या, आईंना बघायला होतं. मग ती कोषात गेली आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून काळं-पिवळं फुलपाखरू निघालं. आईनं ते पाहिलं, आणि पुढच्या अळीला पुन्हा पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. लिंबाची थोडी पानं गेली. लिंबं आली ती आलीच.

शेवंतीचं एक सांगतो, कारण आपल्या भागात शेवंतीचे मळे आहेत आणि तुम्हाला ते माहीत आहे. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही. कितीही खत घाला, कितीही विनवा. रात्र पुरेशी मोठी झाली की मगच. मळ्यात माणूस दसरा-दिवाळीचा भाव गाठायला धडपडतो, धडपडायलाच पाहिजे. परसातल्या शेवंतीला मात्र हवं तेव्हा येऊ द्यावं. आमच्याकडं गेल्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाल्यावर ती फुलली. आईला तेव्हाच दिवाळी वाटली, आणि आम्ही पुन्हा एक पणती लावली.

आई मला तिच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारते. घरात मी दुरुस्त करायचो. बागेत नाही करत. बागेत मी मामाच असतो. ती मला नदीला पूर आल्याचं सांगते, बैल पोहून आल्याचं सांगते, मी 'हो ना' म्हणतो. अशा वेळी तिच्याकडून कळलेल्या गोष्टी माझ्या वडिलांनाही कधी माहीत नसाव्यात.

आता खरं तेही सांगतो. बागेनं तिचा आजार बरा होत नाही. गोळ्या चालू आहेत, आणि आजार त्याच्या वाटेनं पुढं चाललाय. काही संध्याकाळी बागेतूनही ती पिशवी घेऊन उठते. पण आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी नाही उठत. माझा रक्तदाब आणि माझ्या बायकोची झोप या दोन्ही गोष्टी त्या संध्याकाळींवर चालतात.

कुणी म्हणेल हे मनाचे खेळ. म्हणून जरा इकडं-तिकडं वाचलं. नेदरलँड्समधला एक प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झालाय. तीस बागवाल्या माणसांना आधी डोक्याला ताण होईल असं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास त्यांच्या वाफ्यात पाठवलं आणि निम्म्यांना आत वाचत बसवलं. तणावाचं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त. शिवाय बागेतल्यांचं मन पुन्हा प्रसन्न झालं, वाचणाऱ्यांचं नाही. तीसच माणसं, आणि तीही मुळात बागेची आवड असलेली, तेव्हा त्यावरून फार उड्या मारू नयेत. मला त्यातलं 'अर्धा तास' एवढंच महत्त्वाचं वाटलं. चार तास लागत नाहीत.

आपल्याकडं हे कुणाला नवीन नव्हतंच. सावता महाराज पंढरपूरपासून जवळ असलेल्या अरणला राहायचे, पण त्यांचा विठ्ठल त्यांच्या मळ्यातच होता. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि अरणला मात्र पांडुरंगाची पालखी येते. आपल्या शेजारी उरुळी कांचनला 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी आले, निसर्गोपचार सुरू केला. माती, पाणी, ऊन, हवा एवढंच औषध. त्यांच्यामागं तिथं मणिभाई देसाई जे थांबले ते जन्मभर. 1967 साली त्यांनी बाएफ उभी केली, 1982 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लहानपणी आपण उरुळीच्या आश्रमाला 'पोटावर चिखल बांधतात ते' म्हणायचो. आता पुण्याची माणसं त्या चिखलासाठी गाड्या करून येतात.

आणि आपल्या दौंडहून गाडीनं गेलं की नगर. तिथल्या किल्ल्यात 1942 ते 1945 पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि इतर पुढारी कैदेत होते. नेहरूंनी तिथं भर उन्हात माती खणून फुलांचे वाफे केले. जमीन वाईट, दगड-विटांचे तुकडे, जुन्या बांधकामाचे अवशेष. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं, आणि त्यात सुरुवातीलाच या खणण्याचं वर्णन आहे. मौलाना तिथल्या चिमण्यांबद्दल लिहीत होते. बाहेर देश पेटलेला, सुटका कधी ते माहीत नाही, आणि ही माणसं वाफे करताहेत. त्यांना ती फुलं विकायची नव्हती, आणि ती उमलेपर्यंत आपण इथं असू की नाही याचीही खात्री नव्हती. मला वाचताना सारखी आई आठवत होती.

एक आक्षेप मला माहीत आहे. साप येतो. येतो, खरंय. पाचट भिंतीला चिकटून ठेवू नये, फरश्या-विटांचे ढीग करू नयेत, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय जाऊ नये. पाण्याचा आक्षेप म्हणाल तर न्हाणीचं पाणी आजही तेवढंच निघतं. साबण कमी वापरायचा आणि ते अळू-कर्दळ-केळीतून पुढं जाऊ द्यायचं. आमच्याकडं शोषखड्ड्यात जाणाऱ्या पाइपला एक टी बसवला, खर्च दोनशे रुपयेसुद्धा आला नाही.

आता जे बोलायचं मनात धरून मी इथं आलो, ते. आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी गोळा केलाय. त्यातून काय करायचं याची चर्चा सकाळपासून चालू आहे. शाळेच्या मागं हापशाजवळची जी दोन गुंठे जागा आहे, तिथं पेव्हर ब्लॉक टाकून कार्यक्रमाला जागा करावी, असा एक विचार पुढं आलाय. विचार वाईट नाही. मुलांच्या पायाला चिखल लागत नाही, पाहुण्यांच्या खुर्च्या नीट बसतात. पण त्याच जागेवर कार्यानुभवाच्या तासाला आपण मेथी लावली होती. गुरुजींनी प्रत्येकाला एक हात लांबीचा वाफा दिला होता आणि सांगितलं होतं की उगवेपर्यंत उकरून बघायचं नाही. सगळ्यांनी उकरून बघितलं होतं. गुरुजी, तुम्ही समोर बसलाय, आणि तुम्हाला ते तेव्हाही माहीत होतं.

शालेय पोषण आहारासाठी शाळांनी परसबाग करावी असं आता शासनच सांगतं. तेव्हा मुख्याध्यापकांना अडचण येऊ नये. माझी विनंती आहे की दोन्ही गुंठे नकोत, निदान अर्धा गुंठा तरी मोकळा ठेवावा, जिथं हापशाचं वाया जाणारं पाणी जातं तिथला. कुंपण मी करून देतो. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी मी येईन. आई बरोबर असेल. मुलांनी तिला नाव विचारलं तर ती कदाचित दुसरंच सांगेल, पण घोळ कुठली आणि हरळी कुठली हे ती बरोबर दाखवते. इथं गावात राहणाऱ्या आपल्यातल्या ज्या पाच-सहा जणांना रात्री झोप लागत नाही, त्यांनीही यावं. कोण कोण ते मला माहीत आहे, नावं घेत नाही. काही बोलायचं नाही, बसून खुरपायचं.

ठराव दुपारच्या जेवणानंतर आहे. तोपर्यंत विचार करा. आणि मागं दाराशी, चपलांच्या रांगेजवळ एक गोणपाट ठेवलंय, त्यात अळूचे गड्डे आहेत. सकाळी आईनं काढून दिलेत, एकेकाला दोन पुरतील. लावताना फार खोल घालू नका, चार बोटं पुरे, कोंब वर ठेवा. हडपसर-पुण्याकडच्या मंडळींनी कुंडीत लावायचे असतील तर कुंडी मोठी घ्या आणि न्हाणीघराच्या खिडकीखाली ठेवा. गोणपाट परत करा, तेवढं एकच आहे.